काळजातला रहाट

उंदराच्या यकृताचा काप इतका पातळ हवा, की तो छापील कागदावर ठेवला तर खालचं अक्षर ओळखता आलं पाहिजे. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेली ही कसोटी. १९७९ चा जून होता, मुंबईत पाऊस धो धो कोसळत होता आणि मी एम.एस्सी.च्या निकालाच्या आनंदात होते. वाटलं होतं, पीएच.डी.ला लागल्या लागल्या एखादा मोठा प्रश्न हातात मिळेल. हातात मिळालं दाढीचं ब्लेड.

पांढऱ्या उंदराचं यकृत जेमतेम दहा ग्रॅमचं, गडद तपकिरी, गुळगुळीत, ओल्या शाळिग्रामासारखं चकाकणारं. बर्फावरच्या काचेवर ओला गाळणकागद पसरायचा आणि त्यावर यकृताची एक पाकळी ठेवायची. डाव्या हातातली घासलेल्या काचेची पट्टी तिच्यावर अलगद टेकवायची आणि काचेच्या पोटाला लागून ब्लेड आडवं सरकवत न्यायचं. दाबलं की काप चुरगळतो. थबकलं की मध्ये जाड, कडेला झिरझिरीत. पहिला काप टाकूनच द्यायचा, कारण त्यावर यकृताचं वेष्टण असतं. दुसरा जमला, तर तो मिठाच्या थंड पाण्यात सोडायचा. चांगला काप पाण्यात पडला की आपला आपण उलगडतो.

"दाबू नकोस गं. ब्लेडला त्याच्या वाटेनं जाऊ दे," सर म्हणायचे. त्या वाटेनं ब्लेड जायला मला तीन महिने लागले.

इतका पातळ कशासाठी? शरीरात प्रत्येक पेशीजवळून रक्त वाहत असतं. काप बाहेर काढला की रक्ताची सोबत संपली; आता प्राणवायू येणार तो भोवतालच्या पाण्यातून झिरपत. जाड काप आतून गुदमरतो. किती जाडीपर्यंत प्राणवायू मधल्या पेशीपर्यंत पोचेल, याचं गणित ओटो वार्बुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात मांडलं होतं. ते उत्तर अर्ध्या मिलिमीटरच्या आतच येतं. मग कापायचंच कशाला, सरळ वाटून घेतलं तर? मी एकदा विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, वाटून बघ. मी बघितलं. कापांत अमोनिया घातला तर युरिया तयार व्हायचा. तेवढंच यकृत वाटून त्यात तेवढाच अमोनिया घातला, तर आकडा जवळजवळ शून्य. सगळा माल तोच, भांडंही तेच, फक्त पेशी फुटलेली. त्या दिवशी मला पेशी म्हणजे काय ते कळलं. पुस्तकात ती आठवीपासून वाचत आले होते.

हे काप, हे मिठाचं पाणी, अमोनिया आणि युरियाचे हे आकडे, सगळं हान्स क्रेब्स यांच्याकडून आलेलं. क्रेब्स म्हटलं की जीवशास्त्र शिकलेल्या कुणालाही सायट्रिक आम्लाचं ते चक्र आठवतं, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलं. माझ्या मनातले क्रेब्स वेगळे आहेत. माझे क्रेब्स यकृताचे. त्यांचा पहिला मोठा शोध यकृतातला आणि शेवटची कित्येक वर्षं त्यांनी दिली तीही यकृताला.

त्यांचा जन्म १९०० सालचा, जर्मनीतल्या हिल्डेसहाइमचा. वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. स्वतः क्रेब्सही डॉक्टर झाले आणि १९२६ ते १९३० अशी चार वर्षं बर्लिनला वार्बुर्ग यांच्या हाताखाली राहिले. तिथे त्यांनी काप करायला आणि कापांचा श्वास मोजायला शिकून घेतलं. हे काप नुसता श्वास मोजायला वापरण्याऐवजी शरीरात एक पदार्थ दुसऱ्यात कसा बदलतो हे बघायला वापरले तर, हा विचार त्यांच्या डोक्यात तिथेच आला होता. वार्बुर्ग यांना त्यात रस नव्हता. संशोधनातच राहा असंही ते म्हणाले नाहीत. दुसरीकडे नोकरी बघा म्हणाले. मोठ्या गुरूचा असा शब्द मनाला किती लागत असेल! क्रेब्स यांनी मात्र गुरूबद्दलचा आदर आयुष्यभर जपला आणि गुरूनं बाजूला सारलेला विचार बरोबर घेऊन ते फ्रायबुर्गच्या रुग्णालयात आले. दिवसा रुग्णांची जबाबदारी, उरलेल्या वेळात काप.

प्रश्न जुना होता. आपण डाळ खातो, मासे खातो, दूध पितो. त्यातली प्रथिनं मोडली की नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो, आणि अमोनिया मेंदूला विषासारखा. त्याचा निरुपद्रवी युरिया करून लघवीवाटे बाहेर टाकला जातो, मोठ्या माणसात रोज वीस-तीस ग्रॅम. हे काम यकृत करतं, हे १८८२ मध्येच श्रोडर यांनी कुत्र्याच्या यकृतातून रक्त खेळवून दाखवलं होतं. पण कसं करतं? अमोनिया घातला, युरिया आला. मधल्या अंधारात काय घडतं ते कुणालाच दिसत नव्हतं.

१९३१ च्या उन्हाळ्यात क्रेब्स यांच्या हाताशी कुर्ट हेन्झेलाइट नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी आला. दोघांनी मिळून आधी एक पाणी तयार केलं, ज्यात क्षार अगदी रक्तद्रवात असतात त्या प्रमाणात आहेत आणि रक्तासारखंच बायकार्बोनेटही. क्रेब्स-हेन्झेलाइट द्रावण. आमच्या शीतकपाटात त्याची बाटली असायची, चिठ्ठीवर नुसतं 'के-एच'. ते करताना एक पथ्य आहे: कॅल्शियम अगदी शेवटी घालायचं, तेही कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडून झाल्यावर. मी एकदा गडबडीत आधी घातलं. बघता बघता पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. तीन उंदीर त्या दिवशीसाठी उपाशी ठेवलेले होते. ती सकाळ वाया गेली याचं वाईट वाटलं, त्याहून जास्त वाटलं त्या तीन जिवांचं. सरांनी त्यांना खायला घालायला सांगितलं आणि मला घरी पाठवलं.

तर हेन्झेलाइट एकेक पदार्थ घालून बघत होता. कापांना अमोनिया द्यायचा, सोबत हे अमिनो आम्ल, मग ते, मग आणखी एखादं, आणि युरियाचा वेग मोजायचा. मोजायचा कसा, तर अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतलं युरिएज घालून. युरिया फुटतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि वायुदाबमापकाच्या नळीतला द्रव सरकतो. शंकूसारख्या छोट्या काचेच्या कुप्या कोमट पाण्याच्या टाकीत लयीत हलत असतात आणि दर दहा मिनिटांनी माणूस वाकून नळीवरची रेघ वाचत असतो. मीही वाचली आहे, वर्षानुवर्षं. त्या यंत्राची खडखड कानात इतकी बसली होती, की सुट्टीत गावी गेलं की शांततेमुळे झोप लागायची नाही.

नोव्हेंबर १९३१ मध्ये ऑर्निथिन या अमिनो आम्लाची पाळी आली. अमोनिया आणि ऑर्निथिन एकत्र दिल्यावर युरियाचा वेग एकदम उसळला. ऑर्निथिनशी जवळचं नातं असलेलं लायसिन मात्र काहीच करेना. पहिली शंका साहजिकच अशी, की ऑर्निथिनमधला नायट्रोजनच युरियात जात असेल. ही शंका फेडायला क्रेब्स यांनी जे केलं ते मला आजही फार सुंदर वाटतं. त्यांनी ऑर्निथिन कमी कमी करत नेलं. अगदी थोडं घातलं तरी परिणाम टिकून होता. ऑर्निथिनच्या एका रेणूमागे युरियाचे वीसहून जास्त रेणू मिळत होते. म्हणजे ते खर्चच होत नव्हतं.

हे वाचलं आणि मला माझ्या मामांची वाडी आठवली.

माझं आजोळ अलिबागच्या बाजूचं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीला पाणी रहाटाचं. विहिरीच्या काठावर लाकडी चाक, चाकावरून आत सोडलेली दोराची माळ आणि माळेला बांधलेली मातीची गाडगी. बैल गोल फिरायचा, चाक करकरायचं. भरलेलं गाडगं वर येऊन पन्हळीत ओतायचं आणि रिकामं होऊन पुन्हा खाली जायचं. मे महिन्यात आम्ही पोरं तासन् तास पन्हळीखाली पाय सोडून बसायचो. मामा त्या वेळी तिशीतले, अंगात सदरा नाही, कमरेला पंचा, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवत असायचे. मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढ्याशा गाडग्यांनी एवढी मोठी वाडी कशी भिजते? मामा म्हणाले, "गाडगी परत जातात ना खाली!"

ऑर्निथिन म्हणजे परत खाली जाणारं गाडगं. त्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड भरले, की त्याचं सिट्रुलिन होतं. आणखी नायट्रोजन आला, की आर्जिनिन. आर्जिनिन फोडून युरिया वेगळा करणारं आर्जिनेज हे विकर यकृतात भरपूर असतं, हे कोसेल आणि डेकिन यांनी १९०४ मध्येच शोधलेलं होतं. आर्जिनिननं युरिया पन्हळीत ओतला, की उरतं ते पुन्हा ऑर्निथिन, रिकामं, खाली जायला तयार. पेशीच्या आतली रासायनिक क्रिया अशी चक्रानं चालू शकते हे जगाला पहिल्यांदा कळलं ते इथे, १९३२ च्या त्या लेखांत. त्याआधी सगळे जण सरळ रस्ता शोधत होते: अमुकपासून तमुक, तमुकपासून ढमुक. फिरून मूळ जागी येणारी वाट कुणाच्या मनातच आली नव्हती.

मधल्या सिट्रुलिनची एक गोड गोष्ट आहे. हे अमिनो आम्ल जपानी रसायनशास्त्रज्ञांना कलिंगडाच्या रसात सापडलं होतं आणि त्याची घडण १९३० मध्ये वाडा यांनी सांगितली होती. नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच आलं. क्रेब्स आपल्या चक्रातला मधला टप्पा शोधत होते, तेव्हा हा कलिंगडातला पदार्थ नेमका त्या जागी बसला.

रहाट तेव्हाही पुरता उलगडला नव्हता, हेही सांगायला हवं. युरियातले दोन्ही नायट्रोजन अमोनियातूनच येतात अशी तेव्हाची समजूत. पुढे अमेरिकेत सारा रॅटनर यांनी दाखवलं, की दुसरा येतो अस्पार्टिक आम्लातून, मध्ये आर्जिनिनोसक्सिनिक आम्लाचा एक टप्पा घेऊन. वर्गात क्रेब्स यांचं नाव दहादा घेतलं जातं आणि रॅटनर यांचं एकदाही नाही. मी शिकवायला लागल्यापासून फळ्यावर ती पायरी लिहिली, की शेजारी त्यांचं नाव लिहायचे आणि मुलींना मुद्दाम ते वहीत उतरवून घ्यायला सांगायचे.

शोध लागला आणि वर्षभरातच, एप्रिल १९३३ मध्ये, क्रेब्स यांना नोकरीवरून काढून टाकलं. नाझी सरकारनं ज्यूंना सरकारी पदांवरून दूर करणारा कायदा केला होता. ज्या विद्यापीठाचं नाव त्यांच्या लेखामुळे जगभर पोचलं, तिथल्याच प्रयोगशाळेचं दार त्यांच्यासाठी बंद झालं. केंब्रिजच्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि जूनमध्ये ते इंग्लंडला पोचले. सामानात घरचं फार काही नव्हतं. पण उपकरणं बरोबर नेण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती, त्यात ते वायुदाबमापकही होते. देश सोडायची वेळ आलेला माणूस काय काय उचलतो हे मी फाळणीतून आलेल्या शेजाऱ्यांकडून ऐकलं आहे: देव्हारा, दागिने, घराच्या किल्ल्या. क्रेब्स यांनी मोजमापाच्या काचेच्या नळ्या उचलल्या. त्यांचं नोबेल पदक २०१५ मध्ये लिलावात विकलं गेलं आणि तो पैसा देशोधडीला लागलेल्या शास्त्रज्ञांच्या मदतीसाठी दिला गेला, हे वाचलं तेव्हा मला त्या नळ्या आठवल्या.

शेफील्डमध्ये १९३७ साली त्यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूवर जे चक्र शोधलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'नेचर'नं आमच्याकडे आधीच पुष्कळ लेख पडून आहेत म्हणून ते परत पाठवलं, मग ते हॉलंडमधल्या 'एन्झायमोलोजिया'त आलं, १९५३ मध्ये फ्रिट्झ लिपमन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्यावर मी इथे थांबणार नाही. मला ओढ आहे ती त्यानंतरच्या ऑक्सफर्डची.

१९६७ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात एक लहानशी प्रयोगशाळा घेऊन पुन्हा यकृताकडे वळले. खरं तर आदल्याच वर्षी त्यांच्या गटाचा एक लेख आला होता, ज्याच्या छायाप्रतीची पानं आमच्या प्रयोगशाळेत हाताळून हाताळून मऊ पडली होती. काप नाही, आता अख्खं यकृत. प्रवेशिकेतून, म्हणजे आतड्याकडून यकृतात येणाऱ्या मोठ्या शिरेतून, तेच के-एच पाणी तांबड्या पेशी मिसळून आत सोडायचं आणि यकृतातून निघणाऱ्या महाशिरेतून बाहेर येईल ते मोजायचं. उपाशी उंदराच्या यकृताला लॅक्टिक आम्ल दिलं, की ते साखर करून बाहेर सोडतं. दमलेल्या स्नायूचं लॅक्टिक आम्ल यकृतात येतं आणि तिथून साखर होऊन परत स्नायूकडे जातं, हे गर्टी आणि कार्ल कोरी यांनी १९२९ मध्येच सांगितलं होतं. तोही एक रहाटच. माझा प्रबंध या साखरेवर होता. यकृत नीट चाललं असेल तर ते एकसारख्या तपकिरी रंगाचं दिसतं. कुठे फिकट डाग पडला तर समजायचं, तिथे पाणी पोचत नाहीये, आजचा दिवस गेला.

यकृत स्वतः साखर करतं हे ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्या क्लोद बर्नार यांचा प्रयोग सर नेहमी सांगायचे. १८५५ ची गोष्ट. त्यांनी कुत्र्याचं यकृत काढलं, शिरेला नळ जोडून पाणी सोडलं आणि साखरेचा अंश उरेना इतकं धुऊन काढलं. मग तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी बघतात, तर त्याच यकृतात भरपूर साखर. आत काहीतरी साठवलेलं होतं. दोन वर्षांनी त्यांनी ते वेगळं काढलं: ग्लायकोजेन. गोष्ट संपली की सर म्हणायचे, "रात्रभर ठेवायचं सुचलं, ते महत्त्वाचं."

ऑक्सफर्डच्या दारूवरच्या कामाबद्दल मात्र मला थांबून सांगायचंय. १९६९ मध्ये क्रेब्स यांच्या गटानं दाखवलं, की अल्कोहोल जाळताना यकृतातल्या पेशींचा सगळा तोल एका बाजूला झुकतो आणि लॅक्टिक आम्लापासून साखर करण्याचं काम अडतं. माणूस जेवलेला असेल तर निभावतं. पण दिवसभर काम करून, काही न खाता, संध्याकाळी रिकाम्या पोटी जो पितो, त्याची साठवणीतली साखर संपलेली असते आणि नवीन होत नाही. तो बेशुद्ध पडतो, लोक म्हणतात जास्त झाली, पडू दे. त्याला खरी गरज असते साखरेची. मी वैद्यकीच्या मुलांना तीस वर्षं शिकवलं आणि प्रत्येक तुकडीला हे घसा फोडून सांगितलं.

नोव्हेंबर १९८१ मध्ये एका सकाळी सर आले आणि कोट न घालता नुसतेच टेबलाशी उभे राहिले. "क्रेब्स गेले," म्हणाले. ८१ वर्षांचे होते, शेवटपर्यंत प्रयोगशाळेत जात होते. माझ्यासमोर टाकीत यकृत चालू होतं. सर म्हणाले, थांबवू नकोस, वाचन घे. मी दहाव्या मिनिटाचं वाचन घेतलं.

मी काही मोठी शास्त्रज्ञ झाले नाही. आठ-दहा शोधनिबंध, पुढे शिकवणं. दरवर्षी ऑगस्टमध्ये फळ्यावर युरियाचं चक्र काढायचे आणि मामांच्या रहाटाची गोष्ट सांगायचे. अमोनिया वाढला की काय होतं, याची यादीही फळ्यावर लिहायचे: दिवसा झोप, रात्री जाग, हातांची फडफड, भ्रम. मुलं उतरवून घ्यायची. ती यादी एक दिवस माझ्याच घरात येऊन बसेल हे कधी मनात आलं नव्हतं.

मामांना सिरॉसिस झाला तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतला नाही. कारण निघालं हिपॅटायटिस बी, कधीतरी शरीरात शिरून गुपचूप राहिलेला. पण गावात कुजबुज झालीच. मामीनं फोनवर रडत रडत सांगितलं, "लोक म्हणतात, लपून घेत असतील." यकृत बिघडलं, की आपण आधी माणसात खोट शोधतो. पुण्या-मुंबईकडे एके काळी लहान मुलं यकृताच्या आजारानं दगावायची, घरातलं एक गेलं की पाठचंही जायचं. लोक म्हणायचे नशीब, म्हणायचे घराण्याला शाप. १९८३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी दाखवून दिलं, की बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधातून तान्ह्या मुलांच्या पोटात तांबं जात होतं आणि यकृतात साठत होतं. घरात स्टील आलं आणि तो आजार हळूहळू दिसेनासा झाला. किती आयांनी आपल्याला दोष दिला असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

मामांना आम्ही मुंबईला आणलं. त्यांची एक सवय होती: नारळांच्या हिशेबाची वही. कोणत्या माडाचे किती, कुणाला दिले, काय भाव आला, सगळं निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात. आजारातही वही उशाशी. एका सकाळी मी ती उघडली. आदल्या रात्री त्यांनी काहीतरी लिहिलं होतं. अक्षरं रेघ सोडून वर चढली होती, 'मा' एकीकडे, 'ड' पार समासात, आणि शेवटची ओळ नुसत्या वेलांट्यांची. रात्रभर ते जागे होते. मी त्यांना हात पुढे करून तळवे उभे धरायला सांगितलं, फळ्यावर लिहायचे तसं. पक्ष्यानं पंख झटकावेत तसे त्यांचे तळवे फडफडले. मला भोवंडल्यासारखं झालं. त्यांच्या काळजातला रहाट थांबत आला होता आणि पाणी विहिरीत चढत होतं.

आपल्या भाषेत काळीज म्हणजे जीव, काळीज म्हणजे माया. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं, की खाटीक यकृत देतो. माझ्या मनात त्या दिवसापासून ते दोन राहिले नाहीत.

डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज दिलं, गोडमिट्ट पातळ औषध. ते मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू त्याचं आम्ल करतात. आम्लात अमोनिया असा अडकतो, की त्याला रक्तात शिरता येत नाही, तो शौचावाटे निघून जातो. रहाट दुरुस्त होत नाही, पण विहिरीत येणारं पाणी तरी कमी होतं. शेजारच्या कुणाच्या सांगण्यावरून मामीनं त्यांचं वरण आणि दही बंद केलं होतं. पूर्वी डॉक्टरही असंच सांगायचे. आता तसं करत नाहीत, कारण माणूस उपासानं खंगला, स्नायू झडले, की अमोनियाचा थोडाफार भार उचलणारे तेही गेले. वरण-भात पुन्हा सुरू झाला. चौथ्या दिवशी मामांनी मला नावानं हाक मारली.

नंतर ते दीड वर्ष होते. त्या उन्हाळ्यात एकदा मी बाजारातून कलिंगड आणलं. त्यांच्या वाडीपलीकडे भात निघाल्यावर रेताड जमिनीत कलिंगडं लावायचे, त्यामुळे मुंबईचं कलिंगड त्यांना कधी पसंत नसायचं. बोटानं वाजवून म्हणाले, बरं आहे. मी कापायला बसले. हाताला जुनी सवय, पहिली फोड अगदी पातळ निघाली. ती मी उजेडात धरली आणि त्यांना सिट्रुलिनची गोष्ट सांगितली: कलिंगडात सापडलेला पदार्थ, तोच यकृतातल्या रहाटाचं अर्धं भरलेलं गाडगं.

मामा फोड हातात घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "आणि ते परत खाली जातं?"

"जातं."

त्यांनी फोड खाल्ली, बिया बशीच्या कडेला एका ओळीत लावल्या. रुमालाला हात पुसून उशाची वही ओढली आणि तारीख घालून लिहिलं: 'कलिंगड १. भाचीने आणले.' अक्षर रेघेवर होतं.